पहिलीचा प्रवेश : एक किलोमीटरचा हिशेब

दिवाळीची सुट्टी संपली, की पुढच्या वर्षी नर्सरीला किंवा पहिलीला जाणारे मूल असलेल्या घरांत शाळेचा विषय निघतो. जावेच्या मुलाची शाळा, सोसायटीतल्या चौघांची शाळा, साहेबांच्या मुलीची शाळा अशी नावे पुढे येतात. चर्चा नावांचीच होते. प्रवेश मिळेल का आणि तो पुढे झेपेल का, हे मात्र बहुतेक वेळा अंतरावर ठरते. सरकारी सोडतीत पहिला मान जवळ राहणाऱ्याला आहे. मोफत जागा मिळाली तरी बसचे पैसे खिशातूनच जातात. म्हणून शाळांची यादी करण्याआधी घरापासून एक आणि तीन किलोमीटरच्या आत काय काय आहे, ते पाहून घ्या. पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

जागा कुठे, पैसे किती

प्राथमिक शाळांचे पालकांच्या खिशाच्या दृष्टीने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांचा. येथे शुल्क नाही. पाठ्यपुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. मुंबई महापालिका तर दप्तर, बूट, छत्री धरून २७ शालोपयोगी वस्तू देते. या शाळांत कायम जागा असते, हा समज आता सरसकट खरा नाही. मुंबई महापालिकेने २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसई आणि माहीमच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा अर्ज जागांपेक्षा जास्त आले. तिथे सोडत काढावी लागते. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतही प्रतीक्षा यादी लागली होती.

दुसरा प्रकार अनुदानित खासगी शाळांचा. शहरांतल्या जुन्या नावाजलेल्या मराठी शाळा बहुतेक याच गटातल्या. पगाराचा भार शासन उचलते, त्यामुळे पहिलीपासून पालकांवर पडणारा बोजा थोडा असतो. पण याच संस्थांचे शिशुवर्ग विनाअनुदानित असतात आणि तिथे शुल्क भरावे लागते.

तिसरा प्रकार केंद्रीय विद्यालयांचा. पहिली ते आठवी शिक्षण शुल्क नाही. विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ५०० रुपये भरायचे. प्रवेशात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुले आधी घेतात, त्यामुळे इतरांच्या वाट्याला मोजक्याच जागा उरतात. पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण हवीत.

चौथा प्रकार विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. खरी रेटारेटी इथे आहे आणि खर्चही इथेच. मात्र याच शाळांतल्या २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, राखीव आहेत. या लेखातला बराचसा भाग त्या जागांसाठी आहे.

दार कोणत्या वर्गाला उघडते

पुष्कळ पालक पहिलीच्या प्रवेशाला म्हणून जातात आणि त्यांना कळते, की पहिली केव्हाच भरली. ज्या शाळेला शिशुवर्ग जोडलेला आहे, तिथे पहिलीचे वर्ग मोठ्या गटातल्या मुलांनीच भरतात. प्रवेशाचा खरा टप्पा तिथे नर्सरी किंवा लहान गट असतो. म्हणून शाळेत पहिला प्रश्न शुल्काचा न विचारता हा विचारा: ‘तुमची प्रवेशाची सुरुवात कोणत्या वर्गापासून होते, आणि पहिलीला बाहेरच्या किती मुलांना घेता?’ आरटीईच्या २५ टक्के जागाही शाळेची सुरुवात ज्या वर्गापासून होते, त्याच वर्गाला मिळतात. आरटीई प्रवेशाच्या पोर्टलवर प्रत्येक शाळेसमोर तो वर्ग लिहिलेला असतो.

वयासाठी महाराष्ट्रात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण व्हायला हवीत. आरटीईला वयाची कमाल मर्यादाही आहे. २०२५-२६ च्या पहिलीसाठी १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळात जन्मलेली मुले पात्र होती. मूल जानेवारीतले असेल तर एक वर्ष थांबावे लागते; तारीख पुढे-मागे करून घेण्याच्या फंदात पडू नका.

२५ टक्के जागांवर हक्क कोणाचा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी तो वैध ठरवला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २०१४ च्या निकालाने तो लागू नाही. त्यामुळे जवळची नामांकित कॉन्व्हेंट शाळा आरटीईच्या यादीत दिसत नसेल, तर त्यात पोर्टलचा दोष नाही.

महाराष्ट्रात दोन गटांना अर्ज करता येतो.

वंचित गट : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, तसेच दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि अनाथ मुले. या गटाला उत्पन्नाची अट नाही आणि उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट : खुल्या प्रवर्गातील पण वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे.

एक लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. शहरात दोन घरची धुणीभांडी करणारी बाई आणि वॉचमन असलेला नवरा, या दोघांची कमाई मिळून ही रेषा सहज ओलांडते. म्हणून ‘दाखला करून देतो’ म्हणणारे भेटतात. दाखला खोटा निघाला तर प्रवेश रद्द होतो, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि मूल तिसरी-चौथीत असताना शाळा सोडायची पाळी येते. या वाटेला जाऊ नये.

गर्दी झाली की काय होते

२०२५-२६ साठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांवर. म्हणजे एका जागेमागे जवळजवळ तीन मुले. पण ही सरासरी फसवी आहे. कोथरूड, ठाणे, नागपूर अशा ठिकाणच्या नामवंत इंग्रजी शाळांवर अर्जांचा ढीग पडतो आणि त्याच वेळी राज्यभरात हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. सगळे जण त्याच त्या शाळा भरतात, त्याचा हा परिणाम.

निवड गुणांवर नाही, अर्ज आधी भरण्यावर नाही आणि ओळखीवर तर नाहीच. आधी अंतर पाहतात, मग सोडत. एखाद्या शाळेत १५ जागा आहेत आणि एक किलोमीटरच्या आतले ४० अर्ज आहेत असे समजा. सोडत त्या ४० जणांतच होणार. दोन किलोमीटरवरच्या मुलाचा विचार एक किलोमीटरच्या आतले अर्ज संपून जागा उरली, तरच. तीन किलोमीटरपलीकडचा त्याच्याही मागे. म्हणजे दूरच्या नावाजलेल्या शाळेचा पर्याय भरताना तो कागदावर पर्याय दिसतो, प्रत्यक्षात पुष्कळदा नसतोच.

हीच एक किलोमीटरची रेघ २०२४ मध्ये वेगळ्या कारणाने गाजली. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट देणारी दुरुस्ती शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी केली. शहरांतल्या बहुतेक खासगी शाळा त्यामुळे यादीतून गळाल्या. सरकारी शाळा धरून जागांचा आकडा नऊ लाखांच्या आसपास गेला आणि अर्ज मात्र सत्तर हजारांच्या आसपास आले. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्दच केली. मधल्या काळात अर्ज पुन्हा मागवले, तर एक लाखाच्या आसपास जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. पालकांना काय हवे आहे, हे त्या दोन आकड्यांनीच सांगितले. नियम असे मध्येच बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची शिक्षण संचालनालयाची सूचना पूर्ण वाचा. मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी काय केले त्यावर विसंबू नका.

नकाशावरचा बलून

ऑनलाइन अर्जात घराचा पत्ता लिहिल्यावर गुगल नकाशा उघडतो. त्यावरचा लाल बलून सरकवून आपल्या घरावर ठेवायचा असतो. अंतर मोजले जाते ते या बलूनपासून. सायबर कॅफेवाला घाईत असतो. तो बलून पेठेच्या किंवा गावाच्या नावावर टाकून पुढे जातो. घर शाळेपासून ९५० मीटरवर असताना बलून चौकात पडला आणि अंतर १,०५० मीटर झाले, तर तुमचे मूल पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते. नाव न लागण्याचे कारण मग कोणालाच कळत नाही. उलटही घडते. बलून मुद्दाम शाळेच्या जवळ ठेवून नाव लागले, तर पडताळणीत पत्ता आणि बलून जुळत नाहीत आणि प्रवेश जातो.

म्हणून अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी नकाशाच्या पानावर स्वतः समोर बसा. नकाशा मोठा करा, इमारत ओळखा, बलून छपरावर ठेवा आणि मगच पुढे जा.

शाळा निवडताना दहापर्यंत पर्याय देता येतात. ते देताना इतके ध्यानात ठेवा:

- एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या शाळा आधी पाहून या. फाटकापाशी उभे राहून शाळा सुटताना मुले कशी बाहेर पडतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.
- ज्या शाळेत नाव लागले तर खरोखर घालाल, तीच भरा. सोडतीत नाव लागले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही.
- एका मुलाचा एकच अर्ज. दोन भरले तर दोन्ही बाद होतात.
- मुलाने आधी कधी आरटीईतून प्रवेश घेतला असेल, तर पुन्हा अर्ज करता येत नाही.

कागद आणि त्यांची किंमत

अर्जाला शुल्क नाही. शासनाची मदत केंद्रे असतात, तिथेही फुकट. पैसे जातात ते कागद वेळेत तयार नसल्यामुळे, कारण घाईत माणूस एजंट गाठतो.

*रहिवासाचा पुरावा.* रेशनकार्ड, आधार, वीजबिल, मालमत्ता कराची पावती, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक यांपैकी एक चालते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा घोळ इथे होतो. पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा असेल, तर तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला लागतो. नोटरी केलेला चालत नाही. शिवाय तो अर्जाच्या तारखेआधीचा हवा. खर्च फार नाही. महिना ११,००० भाडे, ४०,००० डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार असेल, तर मुद्रांक शुल्क तीनशे-चारशे रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणीचे किरकोळ शुल्क धरून शहरात दोन हजारांच्या आत काम होते. घरी येऊन अंगठा घेणारा एजंट त्यावर आपले पैसे लावतो. घरमालक राजी करायला मात्र वेळ लागतो, तेव्हा हा विषय ऑक्टोबरातच काढा.

*जन्माचा दाखला.* महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. तो नसेल तर रुग्णालयाची किंवा अंगणवाडीची नोंदही ग्राह्य धरतात.

*जातीचा दाखला.* वडिलांचा किंवा मुलाचा, महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला. परराज्यातला दाखला चालत नाही. कर्नाटक किंवा तेलंगणातून आलेल्या कुटुंबांचे अर्ज इथे अडतात.

*उत्पन्नाचा दाखला.* तहसीलदारांचा, फक्त दुर्बल गटासाठी. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात सरकारी शुल्क शंभर रुपयांच्या आतच असते; त्यावर मागितलेल्या पैशांची पावती मागा.

*इतर.* दिव्यांग मुलासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. विधवा मातेसाठी पतीचा मृत्यू दाखला. घटस्फोटितेसाठी न्यायालयाचा आदेश.

दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक कागद लागत नाही, साध्या कागदावर ते चालते. तहसीलच्या आवारातला टायपिस्ट स्टॅम्प घ्यायला लावतो. तिथेच नाही म्हणा.

आणखी एक बारीक गोष्ट. आधारवर ‘ज्ञानेश्वर’, जातीच्या दाखल्यावर ‘ज्ञानदेव’ आणि मुलाच्या जन्मदाखल्यात ‘माऊली’ असे वडिलांचे तीन अवतार असतील, तर पडताळणीच्या टेबलावर फाइल बाजूला पडते. सगळे कागद एका ओळीत मांडून नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्तीला महिना जातो.

नाव लागले, पुढे?

सोडत पुण्यात राज्यस्तरावर, एकदाच निघते. सोबत प्रतीक्षा यादी लागते आणि जागा उरतील तसे तिच्यातून टप्प्याटप्प्याने बोलावतात. मोबाइलवर संदेश येतो, पण केवळ संदेशाची वाट पाहत बसू नका. नंबर बदललेला असतो, संदेश येत नाही, मुदत निघून जाते. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती दर दोन दिवसांनी पाहा.

नाव लागल्यावर अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट काढायची, मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच घेऊन पडताळणी समितीकडे जायचे. ही समिती गटशिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात बसते. तिने प्रवेश पक्का केला, की मग शाळेत. उलट क्रमाने गेलात, तर शाळा परत पाठवते. प्रतीक्षा यादीत असाल, तर दुसऱ्या शाळेतला प्रवेश सोडून हातावर हात ठेवून थांबू नका. जवळच्या पालिका किंवा अनुदानित शाळेत नाव घालून ठेवा. तिथे पैसे अडकत नाहीत.

मोफत म्हणजे किती मोफत

आरटीईच्या मुलामागे शासन शाळेला वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती देते. शाळेचे शुल्क याहून कमी असेल, तर तेवढेच. ही रक्कम वर्षानुवर्षे थकते, थकबाकी शेकडो कोटींची होते आणि त्याचा राग काही ठिकाणी पालकांवर निघतो. ‘उपक्रम शुल्क’, ‘स्मार्ट क्लास’, ‘देखभाल निधी’ अशा नावांनी पैसे मागितले जातात. शिक्षणाशी जोडलेले शुल्क आरटीईच्या मुलाकडून घेता येत नाही, हे लेखी मांडून पावती मागा. तोंडी मागणी पुष्कळदा तिथेच थांबते. शासनाने थकवले म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवता येत नाही.

मात्र गणवेश, पुस्तके, वह्या, सहल यांचे पैसे व्यवहारात पालकांनाच भरावे लागतात. बस तर मोफत नाहीच. ६०० मीटरवरच्या शाळेत मूल आजीचा हात धरून चालत जाईल. अडीच किलोमीटरवरच्या शाळेला महिना १,८०० रुपयांची व्हॅन लावली, तर दहा महिन्यांचे १८,००० होतात, आठ वर्षांत भाडे न वाढताही १,४४,०००. मोफत जागेची ही किंमत आधी वहीत मांडा.

दुसरी किंमत नववीत समोर येते. कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीला शाळा तुमच्याकडे पूर्ण शुल्क मागते आणि ते तिला मागता येते. आज शाळेचे शुल्क ६०,००० आहे आणि दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढते असे धरले, तर नववीला ते सुमारे १,०५,००० होईल. नववी-दहावीचे मिळून २,१०,०००. आठ वर्षांत सुमारे सहा लाख वाचतात, हे खरे. पण शेवटच्या दोन वर्षांची तजवीज आजपासून हवी. महिना १,७५० रुपये आवर्ती ठेवीत टाकले आणि सहा टक्के व्याज धरले, तर आठ वर्षांत दोन लाख पंधरा हजारांच्या आसपास जमतात. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी नववीला अनुदानित माध्यमिक शाळेत जायचे हे आधीच ठरवावे आणि मुलाचे मराठी वाचन-लेखन पक्के ठेवावे, म्हणजे माध्यम बदलताना ते कोलमडत नाही.

घर बदलले म्हणून आरटीईची जागा नव्या भागातल्या शाळेत सोबत नेता येत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

पूर्ण शुल्क भरणाऱ्यांसाठी

ज्यांना आरटीई लागू नाही, त्यांच्यासमोर जाहीर शुल्काचा आकडा असतो. तो अर्धवट असतो. एका मध्यम शुल्काच्या शाळेचा नमुना-हिशेब असा:

- शिक्षण शुल्क ४२,०००
- सत्र शुल्क ६,०००
- संगणक व उपक्रम ७,०००
- परीक्षा व ई-लर्निंग ५,०००
- पावतीवरची बेरीज ६०,०००

पावतीबाहेरचे:

- गणवेशाचे दोन जोड, पीटीचा ड्रेस, बूट ५,५००
- पुस्तके-वह्या ६,५००
- व्हॅन १८,०००
- सहल, स्नेहसंमेलन ३,०००

एकूण ९३,०००. जाहीर शुल्काच्या दीडपटीहून थोडे जास्तच. शाळा चालत जाण्याजोगी असेल तर ७५,०००. आणि वर धरलेल्या वाढीने पहिली ते दहावीचे नुसते शुल्कच आठ लाखांवर जाते. पहिल्या वर्षीचा आकडा गुणिले दहा, हा हिशेब दोन लाखांनी चुकतो. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना शिक्षण शुल्कावर ८०सी खाली वजावट मिळते, दोन मुलांपर्यंत. विकास निधी आणि देणगीवर नाही, नव्या प्रणालीत तर काहीच नाही.

शुल्क ठरवण्यात पालकांना कायद्याने जागा आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते. तिच्यातले पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सत्र सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा आणि मंजूर शुल्क दोन वर्षे बदलायचे नाही. मंजूर आकडा सूचनाफलकावर लागला पाहिजे. प्रवेशाआधी फलकाचा फोटो काढा. समितीत नाव द्या. बहुतेक शाळांत इच्छुकच कमी असतात. विभागीय शुल्क नियामक समितीकडे पालकांना जाता येते, पण त्यासाठी २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात.

मुलाची चाचणी किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन निवड करणे हा गुन्हा आहे: पहिल्या वेळी २५,००० पर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत दंड. देणगी घेतली, तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. नर्सरीच्या पूर्ण शुल्काच्या जागांना मात्र हे संरक्षण तोकडे पडते, कारण कायदा सहाव्या वर्षापासूनचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसे म्हटले होते. ‘ओळख करून घेण्यासाठी गप्पा’ या नावाखाली मुलाखती चालतात त्या इथेच.

शाळेला मान्यता आहे का, हेही पाहा. मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आहे, तरी अशा शाळा दरवर्षी निघतात आणि शिक्षण विभाग त्यांची यादी जाहीर करतो. शाळेचा यू-डायस क्रमांक विचारा: अकरा आकडी, महाराष्ट्रात २७ ने सुरू होणारा. फलकावर सीबीएसई लिहिले असेल, तर संलग्नता क्रमांक मागून मंडळाच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. अर्जाचे काहीशे रुपये प्रत्येक शाळेत परत न मिळण्याच्या बोलीवर जातात. पाच शाळांचे अर्ज घेण्याऐवजी आधी वरचे दोन प्रश्न पाचही ठिकाणी विचारा, तीन तिथेच गळतील.

कधी काय करायचे

२०२५-२६ च्या आरटीईचे अर्ज १४ जानेवारी २०२५ पासून सुरू झाले आणि सोडत १० फेब्रुवारीला निघाली. त्याआधीच्या वर्षी कोर्टकचेरीमुळे सोडतीचा निकाल जुलै उजाडल्यावर लागला. तयारी मात्र लवकरची तारीख धरूनच करावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : भाडेकरार नोंदवा, दाखले काढा, नावांतले फरक दुरुस्त करा. एक आणि तीन किलोमीटरच्या आतल्या शाळा पाहून या.

डिसेंबर : प्रवेश कोणत्या वर्गापासून आणि शुल्क किती, ते वहीत मांडा. खासगी शाळांचे अर्ज याच सुमारास सुटतात.

जानेवारी-फेब्रुवारी : आरटीईचा अर्ज, बलून स्वतः तपासून. पावतीची प्रिंट जपून ठेवा.

मार्च ते मे : प्रतीक्षा यादीवर नजर. जवळच्या पालिका किंवा अनुदानित शाळेत नाव घातलेले असू द्या. केंद्रीय विद्यालयाची जाहिरातही उन्हाळ्याच्या तोंडावर येते.

तक्रार असेल तर आधी मुख्याध्यापकांना लेखी, पोच घेऊन. मग गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचे शिक्षणाधिकारी. त्यानंतर शिक्षण उपसंचालक. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद होत नाही.

सोडतीवर कोणाचा हात नाही. अंतर, कागद आणि नववीची तजवीज या तीन गोष्टी मात्र आपल्या हातातल्या आहेत आणि तिन्हींचे काम अर्ज सुटण्याआधीच करायचे असते.